मेघावती कोण करणार?

परवा सुनेनं दुकानातून हुरडा आणला. गोठवलेला, पारदर्शक पिशवीत, वर सूचना छापलेली : दोन मिनिटं गरम करा. मी इमानेइतबारे दोन मिनिटं गरम केला आणि चार दाणे तोंडात टाकले. तळहाताला चटका नाही, बोटांना राख नाही, बोलता बोलता घशात अडकणारं कूस नाही. तरी त्या कोवळ्या ज्वारीचा गोडवा जिभेवर उतरला. बाकीच्यांना हुरडा खाल्ला की शेत आठवतं. मला भांडण आठवतं. आणि ते आठवलं की सत्तरीची मी पुन्हा वीस वर्षांची, उंच, काळीसावळी, तापट मुलगी होते.

सोलापुरातला, सत्तरच्या दशकातला तो हिवाळा. पहाटे गिरणीचा भोंगा, दिवसभर मागांची खटखट, आणि त्या वर्षी आमच्या शुक्रवार पेठेत या दोन्हींच्या वर चढलेला तिसरा आवाज म्हणजे वाद. पेठेतल्या आमच्या हौशी नाट्यमंडळानं ‘संगीत मेघावती’ पुन्हा रंगमंचावर आणायचं ठरवलं होतं. नाटक आजोबांच्या जमान्यातलं. गैरसमजातून राजानं टाकून दिलेली राणी, वेश पालटून त्याच्याच दरबारात गायिका म्हणून येते आणि त्याच्यासमोर गाते, एवढीच गोष्ट. पण शेवटच्या अंकातल्या त्या पदात मेघावती तीनदा वरच्या षड्जावर जाते. तिसऱ्यांदा तिथं थांबते, आणि राजा सिंहासनावरून उठतो. राजा उठला तेव्हा प्रेक्षकही उठले, तर नाटक जिंकलं. नाही उठले, तर उगाच पडदे शिवले म्हणायचं.

सोलापूरनं ते नाटक वीस-बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी अण्णांचं पाहिलं होतं. अण्णा म्हणजे माझे गाण्याचे गुरुजी. वय अठ्ठावन्न, डोक्यावर चंद्र उगवलेला, स्वच्छ धोतर, पेठेतल्या एका माडीवर पेटी शिकवायचे. तरुणपणी ते फिरत्या नाटक कंपनीत होते. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे, आणि अण्णांची मेघावती बघायला बार्शी-पंढरपूरकडची माणसं बैलगाड्या जुंपून यायची असं सांगतात. कंपनी बुडाली, अण्णांचे केस गेले, पण गळा राहिला होता.

तर प्रश्न असा की मेघावती कोण करणार? नावं दोनच होती. एक अण्णांचं, दुसरं माझं. हसू नका. आम्ही कुणीच हसत नव्हतो.

नटसंच ठरवायला तिघांची समिती होती. दिग्दर्शक कुलकर्णी सर, हायस्कुलात मराठी शिकवणारे. ते माझ्या बाजूनं. दुसरे विठ्ठलराव, मूळचे जेऊरचे, सोलापुरात सरकारी कचेरीत कारकून. नाटकात राजा तेच. ते अण्णांच्या बाजूनं, कारण लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी अण्णांची मेघावती पाहिली होती आणि त्यानंतर, त्यांच्या शब्दांत, “डोळ्याला दुसरी बाई लागलीच न्हाय.” हे ते स्वतःच्या बायकोसमोर म्हणायचे. समितीतले तिसरे अण्णा. ते काहीच बोलत नव्हते, आणि अण्णा बोलत नसले की भीती वाटायची.

बोलायला पेठ होतीच. चहाच्या टपरीवर उघड उघड दोन पक्ष पडले. एक म्हणायचा, दिवस बदलले, पोरी बँकेत लागल्या, आता बाईचं काम बाईनंच करायचं. दुसरा म्हणायचा, बाई बघायची तर घरी आहे की, तिकीट काढून कशाला जायचं? मी सात रस्ता चौकातल्या एका कचेरीत टंकलेखक होते. तिथं साहेब सोडून सगळ्यांनी मला एकदा तरी विचारलं, “ठरलं का?” आणि मग साहेबांनीही विचारलं. आमचे शिंपी करीमचाचा तर माझ्यावर चिडलेच होते. मेघावतीच्या चोळीचं कापड त्यांच्याकडे पडून होतं. “माप किसका लेनेका, बोलो ना बेटी! तुम्हारा के अण्णा का? दोनोंके बीच में चार उंगली का फरक है. मैं क्या हवा में काटूँ?” शेवटी त्यांनी चोळी अण्णांच्या मापानं बेतली आणि आतून दोन्ही बाजूंना चांगलं दोन दोन बोटं कापड दाबून ठेवलं. सगळ्या पेठेत तेवढा एकच माणूस शहाणा होता.

मला ती भूमिका का हवी होती, हे आता सांगताना अवघड वाटत नाही, तेव्हा वाटायचं. त्याच मार्गशीर्षात मला पाहायला मंडळी आली होती. मी चहा नेला, खाली बसले, शिक्षण सांगितलं. गाता येतं का विचारलं म्हणून दोन ओळी म्हटल्या. दुसरी ओळ संपायच्या आत कुणीतरी “छान, छान” म्हणून पोह्यांची बशी पुढे ओढली. पसंती कळली, वैशाखातली तारीख धरली गेली. आणि सासूबाईंनी जाता जाता प्रेमानं सांगितलं, “गाणं देवापुढं म्हण हो. नाटकबिटक आमच्याकडे चालत नाही.” वाईट नव्हती माणसं. पुढे मी त्यांच्यात सुखानं नांदले. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, बायको निवडायला पाऊण तास पुरला, आणि मेघावती निवडायला महिना झाला तरी यांचा निकाल लागत नाही. मग मेघावतीच मोठी असली पाहिजे. मला ती करायचीच होती. नंतर कधीतरी नव्हे. मला नंतर नव्हतंच.

पौषात विठ्ठलरावांनी सगळ्या मंडळाला जेऊरला हुरड्याला नेलं. “शेतात निकाल लावू, तितं भांडायला जागा लई हाय,” असं म्हणून. सकाळची पॅसेंजर, खिडकीतून येणारा बोचरा वारा, तबला मांडीवर घेऊन बसलेला मल्लेशम, डब्यात आम्ही म्हटलेली नाटकातली पदं, आणि प्रत्येक स्टेशनावर खिडकीशी येऊन ऐकणारी माणसं. मल्लेशम आमचा तबलजी. घरी तेलुगू, हातमागावर वाढलेला, आणि ताल त्याच्या अंगात धोटा मारता मारता भिनलेला. तो म्हणायचा, “मला मत नाय ते बरं हाय. मी दोघांबरोबर बी वाजवतो.”

शेतात आगटी पेटलेली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसलेली कणसं, ती चोळणारे काळे हात, सुपात पडणारे हिरवे गरम दाणे, शेंगांची चटणी, गूळ, आंबट दही. विठ्ठलरावांची वहिनी रखमाबाई कणसं चोळत होत्या आणि आमचा वाद ऐकत होत्या. कुलकर्णी सर तावातावानं म्हणाले, “पुरुषानं केलेली स्त्री ही एक कल्पना आहे. प्रेक्षकाला आता माणूस बघायचंय.” विठ्ठलराव म्हणाले, “माणूस काय, रोज आरशात बघतोय की.” मग कुणीतरी म्हणालं, करूनच दाखवा. आधी मी केलं. बांधावर उभी राहून पद म्हटलं. वाऱ्यानं आवाज पळवला तरी वरचा षड्ज मी खणखणीत लावला. सर खूष झाले.

मग अण्णा उठले. धोतराचा सोगा सोडला, अंगावरचं उपरणं पदरासारखं डोक्यावरून घेतलं आणि ज्वारीच्या कडेनं नुसती वीस पावलं चालत आले. गायले नाहीत. मान जरा कललेली, पाऊल असं की ढेकूळही मोडू नये. दाढीचे खुंट दिसत होते, टक्कल दिसत होतं, आणि तरीही टाकून दिलेली एक राणी आमच्याकडे चालत येत होती. माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. पहिल्यांदा वाटलं की मी हरले, आणि दुसऱ्यांदा वाटलं की हे संपू नये.

रखमावहिनींनी सूप खाली ठेवलं. “आवो भावजी, बाई अशी चालती व्हय? आमी असं चाललो तर सांजंपतूर इहिरीला पोचायचं न्हाय.” सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत. सूप पुन्हा उचलत म्हणाल्या, “पर बगत ऱ्हावं वाटतंय, त्ये खरं हाय.”

या वादावर पुढे मी पुष्कळ जाडजाड लेख वाचले. रखमावहिनींच्या पुढे कुणी गेलेलं मला दिसलं नाही.

मतं पडली. सरांचं मला, विठ्ठलरावांचं अण्णांना. मग सगळे अण्णांकडे बघायला लागले. माझी खात्री होती. गुरू आहेत, म्हातारे आहेत, चार लोकांत मोठेपणा घेतील, माझ्या डोक्यावर हात ठेवतील, मी पाया पडेन, असं सगळं मी मनात बसवूनही टाकलं होतं. अण्णांनी हातातलं कणीस सावकाश चोळलं, फुंकर मारून कुसं उडवली आणि म्हणाले, “माझं मत मला.”

मग मीच बोलले. जे घरी बोलले नव्हते ते ज्वारीत उभी राहून बोलले. “अण्णा, वैशाखात माझं लग्न आहे. तिकडे नाटक चालत नाही. मला हा एकच हिवाळा आहे.”

“मला तरी किती हायत?” अण्णा म्हणाले. “लगीन पुढं ढकलता येतंय, शाले. वय ढकलता येत न्हाय.”

मी इतकी रडले की नाकात हुरडा गेला आणि खोकून खोकून बेजार झाले. परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही समजूत काढली नाही. कुर्डुवाडीला उतरून त्यांनी सगळ्यांना चहा आणला. माझा कप माझ्याशेजारी ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन डोळे मिटून बसले. चहा मी प्यायले. राग आपल्या जागी, कुर्डुवाडीची थंडी आपल्या जागी.

मला राणीच्या सखीचं काम मिळालं. सखी म्हणजे प्रवेशभर राणीच्या मागे हात जोडून उभी राहणारी मुलगी. तालमी सुरू झाल्या. शाळेच्या मधल्या खोलीत, बाकं भिंतीला लावून, खडूच्या वासात. आणि आता कबूल करते की त्या महिन्यासारखा आनंदाचा महिना मला पुन्हा मिळाला नाही. राग होता, पण सहा वाजले की पाय आपोआप पळायला लागायचे. ऑर्गनच्या भात्याचा तो सूर लागण्याआधीचा श्वास, मल्लेशमची हातोडी, सरांच्या हातात चुरगळलेली वही. आणि माझ्यापुढे चार हातांवर पाठमोरे अण्णा. मी मागे उभी राहून त्यांचं सगळं घेत होते. शब्द, जागा, श्वास कुठं घेतात, कुठं घेतल्यासारखं दाखवून चोरतात. सूड म्हणून घेत होते, आणि घेता घेता सूड विसरत होते. गंमत म्हणजे रंगमंचावर अण्णांची भाषा शुद्ध, रेशमी, एकही अक्षर गावठी नाही. प्रवेश संपला की तोच आवाज म्हणायचा, “च्या आणा की रं कुनीतरी!”

प्रयोगाला दहा दिवस राहिले आणि अण्णांचा आवाज फुटला. त्या शेवटच्या पदात, तिसऱ्या षड्जावर, नेमका जिथं राजानं उठायचं तिथं. विठ्ठलराव अर्धे उठले होते, ते परत बसले. अण्णांनी खाकरून हात हलवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सरांचा चेहरा उतरला. मल्लेशमनं तबल्यावरची पावडर पुसत मला हळूच म्हटलं, “शालूताई, गळा फुटतो तर कुटं बी फुटतो की. ह्यांचा रोज समेवर येऊन फुटतो. फुटायला बी मात्रा मोजून फुटतो.”

मी म्हटलं, “म्हातारं माणूस, शेवटी दमतं.” इतकी मी घाईत होते, इतका मला त्या फुटण्याचा आनंद झाला होता.

चौथ्या दिवशी अण्णांनी तालमीतच खांद्यावरचा शेला काढला आणि माझ्या खांद्यावर टाकला. “गळा साथ देईना झालाय. हिला सगळं पाठ हाय. आता दुसरं कोन आनता?” विठ्ठलराव तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. मला दया यायला हवी होती. आली नाही. मी मान खाली घालून गंभीर उभी होते आणि मनातल्या मनात फुगडी घालत होते. करीमचाचांनी त्याच संध्याकाळी चोळीची दोन बाजूंची शिवण उसवली, आतलं कापड सोडलं आणि चोळी मला बसली. “मैं बोला था ना!” म्हणाले. ते असं काहीच बोलले नव्हते.

उरलेले सहा दिवस अण्णा मला बसवत होते. मी आरशासमोर त्यांची चाल चालून बघायची. तीच कललेली मान, तेच पाऊल, आणि दिसायचं काय, तर अण्णांची नक्कल करणारी एक दांडगी मुलगी. पाचव्या दिवशी मी रडकुंडीला आले. तेव्हा ते वैतागून म्हणाले, “माझी चाल तुला कशाला गं? मला बाई हुयाचं हुतं म्हनून मी तसा चाललो. तू हायसच की!”

या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली आहेत. सासरी, बाळंतपणात, नोकरीत, चारचौघांत ‘बाईसारखं वाग’ असं कुणी सुचवलं की मला अण्णांचा तो वैतागलेला चेहरा दिसतो. चांगली बाई, सोशिक बाई, शोभणारी बाई, या भूमिका बसवायला दिग्दर्शक पावलोपावली भेटतात. त्यातल्या एकालाही अण्णांइतकं कळत नव्हतं.

मी माझ्यासारखी चालले. जरा लांब टांगांची मेघावती झाली. रविवारी सकाळी प्रयोग, दिवाणखान्यापेक्षा थोडं मोठं सभागृह, खुर्च्या भरून माणसं भिंतीला टेकलेली. जेऊरहून रखमावहिनी आल्या होत्या, पहिल्या रांगेत, मांडीवर शेंगांची पुडी. ऑर्गनवर अण्णा बसले. शेवटचं पद आलं. पहिला षड्ज लागला, दुसरा लागला. तिसऱ्याला मी गेले आणि तिथं राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. माझ्या कानात फक्त ऑर्गन होता आणि तो मला खालून धरून ठेवत होता. विठ्ठलराव उठले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि तो अभिनय नव्हता. मग खुर्च्यांचा आवाज झाला. सोलापूर उठलं होतं. “वन्समोर! वन्समोर!” पुन्हा गायले. आणखी एकदा मागितलं, पुन्हा गायले. तिसऱ्यांदा गाताना मला इतका आनंद झाला की मी हसत होते, आणि टाकून दिलेल्या राणीनं त्या जागी हसायचं नसतं. सरांनी विंगेतून डोक्यावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रयोगात नेसलेला अण्णांचा शालू परत करायला निघाले. कंपनीच्या दिवसांतला, त्यांनी जिवापाड जपलेला. उन्हं चढायला लागली होती, हुरडा संपून ज्वारी पिकायचे दिवस. मी माडीचा जिना अर्धा चढले आणि वरून गाणं ऐकू आलं.

तेच पद. तबला नाही, फक्त पेटी. पहिला षड्ज. दुसरा. मी कठड्याला धरून उभी राहिले. तिसरा लागला, आणि थांबला, आणि थांबूनच राहिला. अठ्ठावन्न वर्षांच्या गळ्यातून सरळ, भरघोस, जराही न हलता. मी जिथं श्वास संपून खाली उतरले होते त्याच्या कितीतरी पुढे गेला, आणि मग त्यांनी तो आपणहून, हळूच, खाली ठेवला.

मला गहिवरून वगैरे आलं नाही. मला संताप आला. माझा गळा सरस ठरला म्हणून मेघावती मला मिळाली, या ऐटीत मी कालपासून जमिनीवर चालत नव्हते. मी धाडधाड उरलेला जिना चढले.

“अण्णा, गळा कधी बरा झाला?”

त्यांनी दचकून वर पाहिलं आणि पेटीचा भाता मिटला. चोरी पकडली गेलेल्या माणसाला राग येतो तसा त्यांनाही आला असावा.

“म्हणजे मत बदललंत. आणि मला सांगितलंसुद्धा नाही.”

“मत?” अण्णा ताडकन म्हणाले. “मत कुटं बदललंय? माझं मत आजबी मलाच हाय! माझ्यावानी मेघावती तुला येत न्हाय, आन् यायची न्हाय. काम तेवढं तुला दिलं.”

त्यांचे डोळे भरले होते. माझेही. शालू आमच्या दोघांच्या मध्ये होता, आणि तो कुणी घ्यायचा हे आम्हा दोघांनाही कळेना. शेवटी मी तो पेटीवर ठेवला.

“बस,” ते म्हणाले. “दुसऱ्या अंतऱ्यात काल घोटाळा केलास. तिन्ही येळंला त्योच. दाखवतो.”

मी बसले. वैशाखाला अजून दोन महिने होते.